निर्घृण

रणजित चंद्रावरून परत आला, त्यानंतर काही दिवसांतच त्याने तार सुटलेली आमटी खाल्ली.

मी ती ओतायला म्हणून सिंकपाशी काढून ठेवली होती. उन्हाळ्याचे दिवस, आदल्या रात्री फ्रिजमध्ये टाकायची राहिली. सकाळी झाकण काढलं तर वर बुडबुडे आणि असा भपकारा की मी तोंड फिरवलं. मी बालवाडी चालवते, मुलं दारात येऊन थांबतात, त्यामुळे पातेलं तसंच ठेवून पळाले. दुपारी घरी आले तर पातेलं रिकामं आणि हा टेबलाशी बसून बोटं चाटतोय.

"रणजित, ती आमटी आंबली होती."

"हो, कळलं की. वासच येत होता."

"मग खाल्लीस कशी?"

"भूक लागली होती," तो म्हणाला. मी काहीतरी विचित्र विचारलं असावं, तसा तो माझ्याकडे बघत होता.

संध्याकाळी व्हायचं ते झालंच. तीन-चारदा जाऊन आला आणि काय काय झालं याचं रंगासकट वर्णन मला चहा पिता पिता ऐकवलं. मी कप खाली ठेवला. हाच माणूस लग्नानंतर वर्षभर माझ्या ताटातला घास उचलायचा नाही, बसमध्ये शेजारचा शिंकला तर रुमाल नाकाला लावायचा. त्याच्या या नखऱ्यांवरून मी त्याला किती चिडवलं असेल. ते नखरे परत यावेत म्हणून मी नवस बोलायचीच बाकी होते.

हे कशामुळे झालं ते सांगते, पण त्यासाठी संडासाबद्दल बोलावं लागेल. ज्यांना चालणार नाही त्यांनी इथेच थांबावं.

माणूस पहिल्यांदा चंद्रावर गेला तो अपोलो यानांमधून. झेंडा, बुटाचा ठसा, सोनेरी काचेचं हेल्मेट, ही चित्रं सगळ्यांनी पुस्तकात पाहिलेली असतात. त्या यानांत संडास नव्हता, हे पुस्तकात नसतं. मोठ्या मोटारीत मावेल एवढी जागा, त्यात तीन माणसं, आणि प्रत्येकासाठी प्लास्टिकच्या पिशव्या. पिशवीच्या तोंडाला चिकटपट्टी असायची, ती ढुंगणाला चिकटवायची. तिथे कुठलीच गोष्ट आपणहून खाली पडत नाही, त्यामुळे पुढचं काम बोटांनी करायचं. मग पिशवीत जंतुनाशकाची पुडी फोडायची आणि सगळं हाताने नीट मळायचं, नाहीतर आत वायू साठून पिशवी फुटायची. हे चालू असताना बाकीचे दोघे हातभर अंतरावर असत. चंद्रावरून निघताना यानाचं वजन कमी करायला हवं म्हणून त्यांनी नको असलेलं सामान दाराबाहेर टाकलं, त्यात या पिशव्याही होत्या. दगड घेऊन आले, घाण ठेवून आले. ती अजून तिथेच आहे.

पुढे यानांत संडास आले. पण आमच्या 'मृगांक' यानाचा बेत निराळा होता. चंद्राच्या ध्रुवाजवळच्या कायम अंधारातल्या विवरांत बर्फ आहे, तो नळ्यांत भरून गोठलेल्या स्थितीत आणायचा. त्यासाठी तीन माणसांनी महिनाभर राहायचं, लघवीचं आणि घामाचं पाणी गाळून तेच प्यायचं. जमिनीवर बंद यानात सराव झाले तेव्हा केंद्रातल्या लोकांच्या लक्षात आलं की माणसं यंत्रांनी नाही, एकमेकांच्या वासाने मोडतात. पाणी कमी पितात, जेवण टाळतात, पोट तुंबवतात, आजारी पडतात, आणि मग एकमेकांच्या अंगावर धावून जातात. संडास सुधारायचा तर यानाचं वजन वाढतं. माणूस सुधारायला वजन लागत नाही. म्हणून त्यांनी माणूस सुधारायला घेतला.

ते काम डॉ. अभ्यंकरांनी केलं. मेंदूच्या बाजूच्या घडीत दडलेला इन्सुला नावाचा एक भाग असतो. नासलेल्या दुधाचा वास आला की तो जागा होतो, आपलं नाक आक्रसतं, वरचा ओठ उचलला जातो, पोट ढवळतं. डॉक्टरांनी एक छोटं प्रथिन तयार केलं. नाकात फवारलं की वासाच्या मज्जातंतूंवरून ते थेट मेंदूत चढतं आणि इन्सुलातल्या त्या पेशींना गप्प करतं. वास येतो, चव कळते, फक्त तोंडातून 'शी' निघत नाही. आता, याच भागाकडे आणखी एक काम असतं. कुणी भिकाऱ्याच्या वाटीतून उचललं, कुणी प्रेताच्या बोटातली अंगठी काढली, हे नुसतं ऐकलं तरी हाच भाग पेटतो. शास्त्रज्ञांना हे जुनं माहीत आहे, डॉक्टरांनाही होतं. पण त्या वेळी प्रश्न संडासाचा होता.

केंद्रात स्क्रूलासुद्धा संस्कृत नाव लागतं. घृणा घालवणारं औषध म्हणून समितीने नाव काढलं 'निर्घृण'. खोक्यांवर छापूनही झालं. समितीत कुणाला मराठी येत नव्हतं, त्यामुळे आपली वर्तमानपत्रं हा शब्द खुनाच्या आधी लावतात हे कुणाच्या गावी नव्हतं. रणजितने ते मला घरी येऊन सांगितलं तेव्हा आम्ही दोघं पोट धरून हसलो होतो. त्यानेच तिकडे आक्षेप घेतला आणि नाव बदललं. 'प्रसन्ना' ठेवलं. औषध तेच राहिलं.

मोहिमेत रणजित प्रमुख होता. तिसरा गडी वर चंद्राभोवती फिरत राहिला आणि चंद्रावर उतरले ते दोघे, रणजित आणि थॉमस. थॉमस परत आला नाही. हृदय बंद पडलं, असं जाहीर झालं. चंद्रावर सन्मानाने दफन केल्याचंही जाहीर झालं.

थॉमसची बायको ॲनी माझी मैत्रीण. केरळची, पण पिंपरीत वाढलेली, माझ्यापेक्षा चांगलं मराठी बोलते. सरकारी रुग्णालयात नर्स आहे. रणजित केंद्रात तपासणीला गेलेला असताना ती एक दिवस बालवाडीतच आली. केंद्राने तिला एक चित्र चौकटीत बसवून दिलं होतं, ते तिने पिशवीतून काढलं. दगडांचा चौथरा, त्यावर क्रॉस, मागे निळी पृथ्वी.

"हे चित्र आहे," ती म्हणाली. "फोटो नाही. फोटो मागितला तर म्हणतात, कॅमेरा गोठला होता. बर्फ भरतानाचे फोटो आहेत की सगळे."

मी चौकट हातात घेतली.

"केतकी, मला एवढंच हवंय. डोळे मिटले होते का त्याचे? वॉर्डात कुणी गेलं की आधी आम्ही डोळे मिटतो, हनुवटीला पट्टी बांधतो, अंग पुसतो. नाही नाही ते पुसावं लागतं गं. किळस येते, रोज येते, पण कुणाचं तरी माणूस आहे म्हणून हात चालतो. रणजितने तसं केलं का, एवढं विचार त्याला. मला केंद्रातल्यांचं ऐकायचं नाहीये."

मी विचारते म्हणाले. उत्तर मला माहीत आहे असंच मला वाटत होतं. रणजितने केलंच असणार.

रात्री जेवताना विचारलं. तो दहीभात कालवत होता.

"थॉमसला पुरलंत कसं?"

"पुरलं नाही," तो म्हणाला. "तिथली जमीन दगडासारखी गोठलेली असते. खणणार कशाने?"

"मग?"

"निघताना जास्तीचं सामान बाहेर टाकतात ना, वजनासाठी. जुने फिल्टर, रिकामे डबे, संडासाच्या पिशव्या. त्यातच."

"त्यातच म्हणजे?"

"त्यातच गं. आधी पिशव्या टाकल्या होत्या, मग त्याला सोडला शिडीवरून. तिथे माणूस हळू पडतो." त्याने घास घेतला. "पिशव्यांवर पडला. एक-दोन फुटल्या. जरा मीठ दे."

मी मीठ दिलं. का दिलं, मला अजून कळत नाही. हाताला सवय असते.

"परत का नाही आणलंत त्याला?"

"आणता आला असता. पण मग तेवढ्या वजनाच्या बर्फाच्या नळ्या सोडाव्या लागल्या असत्या. खाली केंद्रप्रमुखांना विचारलं. ते म्हणाले, नळ्या आण. त्याला आणला तर शवविच्छेदन होणार, मग जेवणाचं बाहेर येणार."

"जेवणाचं काय?"

मग तेही सांगितलं, काही न दडवता. जेवणाची काही पाकिटं फुगली होती. फोडली तेव्हा घाण वास आला. दोघांनाही तो आला, असं रणजित म्हणाला. पण वास आला म्हणून काय झालं? दोघांनी खाल्लं. रणजितला नुसते जुलाब झाले. थॉमसला दुसऱ्या दिवशी बाहेर काम करताना हेल्मेटमध्ये उलटी झाली. त्या पोशाखात तोंड पुसायला हात पोचत नाही, हेल्मेट काढता येत नाही. रणजितने त्याला ओढत यानात आणलं, आत हवा भरेपर्यंत थांबला, हेल्मेट काढलं, तोंडात बोटं घालून सगळं बाहेर काढलं, स्वतःच्या तोंडाने श्वास दिला. "औषध नसतं तर एवढं जमलं नसतं," तो म्हणाला, आणि ते खरंही असेल. पण तोवर थॉमस गेला होता.

"डोळे मिटलेस का त्याचे?"

त्याने खरोखर आठवून पाहिलं. "बघितलं नाही. काही गरज नव्हती."

मी बेसिनपाशी पोचायच्या आतच मला उलटी झाली. रणजित उठला, माझी पाठ चोळली, पाणी दिलं, मग फडकं आणून फरशी स्वच्छ पुसली आणि पुन्हा पानावर येऊन बसला. कुठे काही आदळआपट नाही, कपाळाला आठी नाही. पूर्वीचा रणजित दारातूनच 'फिनेल टाक, फिनेल टाक' म्हणून ओरडला असता. त्याने उरलेला भात संपवला आणि मी त्याच्याकडे बघत राहिले. या माणसाच्या शेजारी आता झोपायचं, या विचाराने माझ्या अंगावर शहारा आला.

दुसऱ्या दिवशी बालवाडीतला जाडा शब्दकोश काढला. निर्घृण म्हणजे निर्दय, हे माहीतच होतं. तो शब्द मुळात कुठून आला ते मला बघायचं होतं. घृणा म्हणजे किळस, आणि जुन्या संस्कृतात घृणा म्हणजे दयासुद्धा. दोन्हीला एकच शब्द. समितीने नाव अगदी बरोबर काढलं होतं, आम्हीच हसून ते बदलायला लावलं.

डॉ. अभ्यंकरांची वेळ घेतली. गोरेपान, मऊ बोलणारे गृहस्थ आहेत. मला बसवलं, चहा मागवला.

"औषध तीन महिन्यांत उतरेल म्हणाला होतात," मी म्हणाले. "उतरलं नाही."

"काही जणांत पेशी सावकाश जाग्या होतात, मॅडम."

"आणि नाही झाल्या तर?"

"तर रणजितना त्याचा त्रास काय आहे? ते खूश आहेत, झोप चांगली लागते, चिडचिड नाही. आम्ही तपासलंय." त्यांनी घसा साफ केला. "त्रास तुम्हाला होतोय. तो स्वाभाविक आहे. पुढच्या फेरीच्या चमूला औषध सुरू केलंय, त्यांच्या घरच्यांकडूनही असंच ऐकतोय आम्ही. म्हणून कुटुंबासाठी एक सौम्य मात्रा काढली आहे."

टेबलावर त्यांनी एक छोटी निळी बाटली ठेवली. लहान मुलांच्या सर्दीच्या औषधासारखी, वर कमळाचं चित्र. "दोन दिवसांत घर पूर्वीसारखं वाटेल तुम्हाला," ते म्हणाले.

"थॉमसला पिशव्यांवर फेकला ते तुम्हाला माहीत आहे?"

त्यांनी चहाचा घोट घेतला. "वजनाचा प्रश्न होता."

"तुम्ही पण घेता का हे?"

"मी ते बनवतो, मॅडम. स्वतःवर आधी करून बघावं लागतं." मग जरा उत्साहात येऊन म्हणाले, "याचा उपयोग नुसता अंतराळात नाही. तीन महापालिकांनी मागणी नोंदवली आहे. ड्रेनेजमध्ये उतरणाऱ्या कामगारांसाठी. यंत्रं घ्यायला त्यांना परवडत नाही, आणि माणसं आता उतरायला नाही म्हणतात. हे नाकात मारलं की नाही म्हणणार नाहीत."

तो माणूस हे सांगताना हसत होता. यंत्र आणायचं नाही, माणसाला गटारातच उतरवायचं, आणि त्याला त्याचं काही वाटू नये म्हणून त्याच्या डोक्यात हात घालायचा. मी ती बाटली त्यांच्या चहाच्या कपात उपडी केली आणि बाहेर पडले. मागून ते म्हणाले की काही हरकत नाही, दुसरी पाठवतो. दुसरी खरंच आली, कुरियरने.

आता माझ्यापुढे दोनच वाटा होत्या. ॲनीला चौथऱ्याच्या चित्रासमोर मेणबत्ती लावू द्यायची आणि ती बाटली नाकात मारून रणजितबरोबर सुखाने राहायचं. नाहीतर सांगायचं. सांगितलं तर रणजितचं पद जाणार, मान जाणार, घरही बहुधा जाणार. पण 'मृगांक'ची पुढची फेरी दोन महिन्यांवर होती आणि तिथेच उतरणार होती. लोक खवळले, सरकारची लाज निघाली, तर थॉमसला परत आणावंच लागलं असतं. शिवाय त्याला आणलं की त्याच्या पोटातलं बोललं असतं, आणि ते औषध कुठल्याही कामगाराच्या नाकापर्यंत पोचलं नसतं.

मी रणजितला घेऊनच पिंपरीला गेले. वाटेत त्याला म्हटलं, "ॲनीला सगळं खरं सांगशील?"

"सांगतो की," तो म्हणाला. "केंद्रप्रमुख म्हणाले होते चौथऱ्याचं सांग, म्हणून ते सांगितलं. तू म्हणतेस तर हे सांगतो."

मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. खरं आणि खोटं त्याच्या तोंडात सारख्याच चवीचं झालं होतं.

ॲनीने त्याला समोर बसवलं. त्याने पाकिटांपासून शिडीपर्यंत सगळं सांगितलं, पिशव्या फुटल्याचंही. मधेच समोरच्या बशीतले केळ्याचे वेफर्स उचलून खात होता. ॲनी हलली नाही. तिचे ओठ पांढरे पडत गेले.

"तो तुझा मित्र होता," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"रडलास?"

"नाही." तो म्हणाला. "ॲनी, रडायला हवं होतं का? म्हणजे मला खरंच विचारायचंय. मला कळतं की इथे काहीतरी असायला हवं. मी शोधतो, पण सापडत नाही."

त्याने हात छातीवर नाही, पोटावर ठेवला होता. त्या एका क्षणी मला त्याची इतकी दया आली की मी खिडकीबाहेर पाहू लागले. ॲनीने बशी त्याच्यासमोरून उचलली, आत नेऊन केरात रिकामी केली आणि बाहेर येऊन म्हणाली, "हे सगळं टीव्हीवर सांग. माझं माणूस मला परत पाहिजे."

आणि त्याने सांगितलं. एका वाहिनीवर, समोर बसून, संथ आवाजात, एक अक्षर न गाळता. निवेदिका मधे दोनदा पाणी प्यायली. मी त्याच दिवशी कपड्यांची बॅग भरून ॲनीकडे राहायला गेले होते. आम्ही दोघी टीव्हीसमोर हात धरून बसलो होतो. आता लोक पेटणार, अशी आमची खात्री होती. त्याने पिशव्यांचं सांगितलं तेव्हा ॲनीने माझा हात इतका दाबला की तिची नखं रुतली.

एक दिवस गेला, दोन दिवस गेले. केंद्राने दोन ओळींचं पत्रक काढलं: वजनाच्या मर्यादेत शास्त्रीय नमुन्यांना प्राधान्य देणं भाग होतं. मग चर्चा झाल्या. एकाने फळ्यावर यानाचं वजन मांडून दाखवलं. एकाने विचारलं की अपोलोवाले पिशव्या टाकून आले तेव्हा कुणी बोललं का. कुणी म्हणालं, चंद्रावर राहायला मिळालं, नशीबवान माणूस. कुणीतरी पिशव्यांवरून विनोद केला, तो माझ्या बालवाडीच्या पालकांच्या ग्रुपवरही फिरला, खाली हसणारे चेहरे. त्याच आठवड्यात त्या बर्फाचं पाणी दिल्लीत काचेच्या पेल्यातून कुणाकुणाला प्यायला दिलं, ते सगळ्यांनी थेट पाहिलं. थॉमसला आणण्याच्या ॲनीच्या अर्जाला उत्तर आलं की पुढच्या फेरीचं वजन आधीच ठरलेलं आहे.

रणजितवर कारवाई झाली नाही. उलट त्याच्या सरळपणाचं कौतुक झालं.

पावसाळी कपडे राहिले होते, ते घ्यायला मी घरी गेले. जिन्यात शेजारच्या सबनीसकाकू भेटल्या. भल्या बाई आहेत, माझ्या बाळंतपणातल्या अवघड दिवसांत आणि मूल गेल्यावरही त्यांनीच मला डबा पुरवला होता. हातात सोसायटीच्या कार्यक्रमाची पत्रिका. रणजितचा सत्कार ठेवलाय, शाल आणि श्रीफळ, तू बायको म्हणून शेजारी बसायलाच हवंस, असं त्या म्हणाल्या.

"काकू, त्याची मुलाखत पाहिलीत ना?"

"पाहिली तर. दोनदा पाहिली. किती शांतपणे बोलतो गं."

"थॉमसचं ऐकलंत?"

"ऐकलं. वाईट झालं बिचाऱ्याचं." त्यांनी पत्रिकेची घडी नीट केली. "पण वजनाचा प्रश्न होता ना गं. आणि बर्फ तर आणलाच त्याने."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. नाक, वरचा ओठ, कपाळ. कुठे सुरकुतीसुद्धा हलली नव्हती.

"काकू, खरं सांगा, तुम्ही ते औषध घेता का? नाकात मारायचं?"

"इश्श," काकू हसल्या आणि पत्रिका माझ्या हातात ठेवली. "मला कशाला लागतंय ते?"